धुलाईचे खाते

व्यापारी घरात हिशेबाला फार मान असतो. चार आण्यांची सुतळी घेतली तरी ती रोजकीर्दीत चढते, खतावणीत आपापल्या खात्यावर जाते आणि वर्षअखेरीस ताळेबंदात आपली जागा घेते. तरीही अशा कोणत्याही घराच्या दोन-तीन पिढ्यांच्या चोपड्या काढून पाहा. रोज पहाटे होणारे एक मोठे काम त्यांत कोठेही नोंदलेले आढळणार नाही. ते काम म्हणजे घरातील धुणे. साबणाची नोंद असते, नीळ आणि सोड्याची असते, क्वचित धोब्याचीही असते. पण ज्या हातांनी कपडे आपटले, पिळले आणि गच्चीवर नेऊन वाळत घातले, त्यांची नोंद नसते. आमच्या घरी ही नोंद प्रथम झाली ती धुण्याच्या यंत्रामुळे. जुळ्या टबाच्या त्या जुन्या यंत्राच्या आठवणी आज सांगणार आहे. आयुष्यभर बँकेत आकडे तपासण्याची सवय जडल्यामुळे आठवणींबरोबर थोडा हिशेबही येईल, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

माझे सासर सोलापूरचे. कापडाचा व्यापार, एकत्र कुटुंब आणि लहानमोठी मिळून चौदा माणसे. १९८४ साली मी त्या घरात आले, तेव्हा बँकेत लागून मला दोन वर्षे झाली होती. धुण्याचा एवढा व्याप मी प्रथम तेथेच पाहिला. मामंजींची आणि चुलतसासऱ्यांची धोतरे, सासूबाईंच्या सुती नऊवारी साड्या, आम्हा सुनांच्या पाचवारी, मुलांचे गणवेश, पंचे, दुपटी हे रोजचे. पलंगपोस आठवड्याचे. हिवाळा सरला की सोलापुरी चादरींचा ढीग निघे. याशिवाय दर आठवड्याला दुकानातून एक मोठे गाठोडे येई. त्यात बैठकीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरी आणि लोड-तक्क्यांच्या खोळी असत. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसते आणि ताके तिच्यावरच उलगडले जातात. गादी मळकी दिसली तर मालाचीही कळा उतरते, म्हणून त्या खोळी शुभ्रच लागत. गाठोडे मळके येई आणि स्वच्छ होऊन परत जाई. दुकानाच्या वहीत मात्र त्याबद्दल एक ओळही पडत नसे.

धुण्याला पहाटे पाचला आरंभ होई. नळाला पाणी एक दिवसाआड येत असल्याने हौदातून बादल्या भरून मोरीशेजारच्या दगडापर्यंत न्याव्या लागत. प्रथम कपडे भिजवायचे, मग साबण लावून घासायचे, धोपाटण्याने धोपटायचे आणि दोनदा खळबळून पिळायचे. पांढऱ्या कपड्यांना नीळ आणि धोतरांना खळ हे सोपस्कार वेगळेच. धुण्याची पावडर तोवर नवी राहिली नव्हती. सर्फ १९५९ साली भारतात आली होती आणि अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी १९६९ साली सुरू केलेली निरमा घरोघर पोहोचली होती. पण खोळींसाठी सासूबाईंचा विश्वास साबणाच्या वडीवर आणि मनगटावर होता. कामाला एक बाई होती. तिच्याबरोबर एक सून आळीपाळीने बसे. दोघींचे मिळून रोज पाच तास धुण्यात जात.

एकदा सहज मी याचा हिशेब मांडला होता. रोज निदान बारा बादल्या पाणी उचलले जाई. बादली पंधरा लिटरची धरली तर एका दिवसाचे ओझे १८० किलो होते. वर्षातले तीनशे दिवस धरले तरी ते ५४,००० किलो, म्हणजे चोपन्न टन भरते. यात ओल्या कपड्यांचे वजन धरलेले नाही आणि गच्चीचा जिनाही नाही. दुकानात येणारी गाठ हमालाने पाठीवर घेतली की तिची हमाली त्याच दिवशी चुकती होई. घरातल्या या चोपन्न टनांना हमाली नव्हती.

वर्षाचे तीनशेच दिवस धरण्याचे कारण आपल्या वाचकांच्या लक्षात आले असेल. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात आमच्या घरी धुणे काढत नसत. पाण्यातील जीवांची विराधना त्या दिवशी तरी कमी व्हावी, हा त्यामागील भाव. भिजवलेले कपडे रात्रभर ठेवायचे नाहीत, हाही दंडक होता, म्हणून आदल्या रात्री भिजवून सकाळचे काम हलके करण्याची सोय नव्हती. तिथीच्या दिवशी घरातील बायकांच्या हातांना विसावा मिळे आणि त्या दिवसाची त्या मनोमन वाट पाहत. परंतु बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती रजा नव्हती, उचल होती. दुसऱ्या दिवशी दुप्पट ढीग समोर येई आणि मुद्दल व्याजासह फेडावे लागे.

१९८८ साली धाकट्या जाऊबाईंची पाठ धरली आणि डॉक्टरांनी वाकून काम करण्यास मनाई केली. तेव्हा घरात यंत्राचा विषय निघाला. बँकेत कर्मचाऱ्यांना घरगुती वस्तूंसाठी कर्ज मिळत असे. ते मी घेते, असे मी सुचवले. मामंजींनी ते मानले नाही. व्यापारात त्यांची उधारी-उसनवारी नित्याची होती, पण घरात वापरायची वस्तू हप्त्याने आणायची नाही, हा त्यांचा नियम होता. यंत्र रोखीने आले. जुन्या वाड्यात वायरिंग दोनच तारांचे होते. ओल्या जागी विजेचे यंत्र ठेवायचे तर जमिनीत अर्थिंग पुरून तीन खाचांचा प्लग बसवणे भाग होते. इलेक्ट्रिशियनने ते काम केले आणि स्वयंपाकघरामागच्या पडवीत यंत्राची स्थापना झाली.

संध्याकाळी दिवाणजी पावती घेऊन आले आणि त्यांनी मामंजींना विचारले, "आप्पा, हे कोणत्या खात्यात टाकू? घरखर्चात की दुकानाच्या नावे?"

मामंजी म्हणाले, "घरखर्चात. दुकानाचा काय संबंध?"

सासूबाई आत गहू निवडत बसल्या होत्या. त्या पुरुषांच्या व्यवहारात सहसा बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, दुकानाच्या खोळी तीस वर्षं या घरात धुतल्या. त्या कोणत्या खात्यात टाकल्या होत्या, तेवढं दिवाणजींना विचारा."

दिवाणजी वहीकडे पाहत राहिले. मामंजी स्वभावाने कडक, पण हिशेबाला अत्यंत चोख होते. चूक दाखवली तर ती कोणी दाखवली हे न पाहता दुरुस्त करणे, हा त्यांचा व्यवहार होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "निम्मे दुकानाच्या नावे टाका, निम्मे घरखर्चात. आणि बाहेर धोबी खोळींचे काय घेतो ते विचारून या. या महिन्यापासून तेवढे पैसे दुकानाने घरात द्यायचे." अशा रीतीने आमच्या खतावणीत 'धुलाई खर्च' नावाचे पान उघडले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दिवाणजी ते पैसे सासूबाईंच्या हाती देत आणि वहीवर त्यांची सही घेत. त्या पैशांचे त्या काय करतात हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

आता यंत्राविषयी. आजच्या मुलांनी ते पाहिलेले नसेल म्हणून थोडे सविस्तर सांगते. एकाच पेटीत दोन टब शेजारी-शेजारी. डावा धुण्याचा, उजवा पिळण्याचा. धुण्याच्या टबाच्या तळाशी पंखासारखी चकती असे. ती थोडा वेळ एका दिशेने फिरे, थांबे आणि उलट दिशेने फिरे. त्यामुळे पाण्यात भोवरा उठे आणि कपडे एकमेकांवर घासले जात. पाणी आपण भरायचे आणि आपणच काढायचे. काढण्यासाठी एक खटका होता. मागची नळी खाली मोरीत सोडली की पाणी वाहून जाई. वेळेसाठी चावीसारखे बटण होते. ते घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटांपर्यंत फिरवायचे. ते टिकटिक करीत मागे येई आणि यंत्र थांबे.

उजवा टब मला अधिक विलक्षण वाटे. त्याच्या आत भोकाभोकांचा उभा डबा असे. तो अतिशय वेगाने फिरू लागला की कपडे कडेला दाबले जात आणि त्यांतील पाणी भोकांतून बाहेर फेकले जाई. दोघींनी दोन टोके धरून नऊवारीला पीळ घालायचा, हे काम तेथे चार-पाच मिनिटांत होई आणि साडी जवळजवळ दमट एवढीच राहून बाहेर येई. झाकण उचलले की आतला ब्रेक लागून डबा थांबे. मात्र कपडे सारखे पसरून, दाबून आणि वर जाळीची तबकडी ठेवून मगच बटण फिरवायचे, हा नियम होता. वजन एका बाजूला गेले की सारे यंत्र थडथडू लागे. सोलापुरी चादर पाणी प्यायली की तिचे काय वजन होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पहिल्याच हिवाळ्यानंतर कोणीतरी एकटी चादर त्या डब्यात कोंबली. यंत्र थरथरत, सरकत पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि प्लग ताणून निघाल्यावर थांबले. मुले टाळ्या पिटत होती. पुढे दोन हलक्या चादरी समोरासमोर ठेवून तोल साधण्याची युक्ती जाऊबाईंनी शोधली. जाड चादरी मात्र अखेरपर्यंत दगडावरच धुतल्या. पूजेची धूतवस्त्रेही सासूबाईंनी कधी यंत्रात घालू दिली नाहीत.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी यंत्रासमोर पाट मांडला आणि पंधरा मिनिटे त्या झाकणाच्या पारदर्शक भागातून आत पाहत बसल्या. पुढे कित्येक वर्षांनी स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेवारीचे अभ्यासक हान्स रोझलिंग यांचे २०१० सालचे व्याख्यान ऐकण्यात आले. त्यांच्या घरी पहिले यंत्र आले तेव्हा त्यांची आजीही अशीच यंत्रासमोर बसून शेवटपर्यंत पाहत राहिली होती. आयुष्यभर चुलीवर पाणी तापवून हाताने कपडे धुतलेल्या त्या आजीला तो चमत्कारच वाटला. रोझलिंग यांची आई यंत्रात कपडे टाकून मुलाला ग्रंथालयात घेऊन जाऊ लागली. यंत्राने आपल्या घराला पुस्तके दिली, असे त्यांचे म्हणणे होते. व्याख्यानात त्यांनी असाही हिशेब मांडला होता की त्या वेळच्या सुमारे सात अब्ज लोकांपैकी दोन अब्जांच्याच घरी धुण्याचे यंत्र पोहोचले आहे. उरलेल्यांचे कपडे हातांनी, आणि बहुतेक ठिकाणी बायकांच्याच हातांनी, धुतले जातात.

पाण्याच्या बाबतीत हे जुने यंत्र आमच्या संस्कारांना जुळणारे होते. टबात तीनेक बादल्या पाणी लागे. त्यात प्रथम पांढरे व कमी मळलेले कपडे धुवायचे. ते काढून त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत कपडे घालायचे आणि शेवटी पायपुसणी व फडकी. खळबळण्याचे दुसरे पाणी बादलीत धरून मोरी आणि अंगण धुवायचे. एक पाणी तीन कामे करून मगच गटारात जाई. आताचे पूर्ण स्वयंचलित यंत्र प्रत्येक खेपेला नवे पाणी घेते आणि वापरलेले स्वतःच सोडून देते. त्यात श्रम वाचतात हे खरे, पण कोणते पाणी कोठवर वापरायचे हा विचार ते आपल्या हाती ठेवत नाही.

आता मूळ हिशेबाकडे येते. पाच तासांचे काम दोन तासांवर आले. म्हणजे घरात रोज तीन तासांची शिल्लक पडू लागली. ही शिल्लक कोणत्या खात्यात जमा झाली?

पहिले वर्ष-दोन वर्षे ती बायकांच्या खात्यात जमा झाली. सासूबाई सकाळच्या प्रवचनाला वेळेवर पोहोचू लागल्या. जाऊबाईंची पाठ बरी झाल्यावर त्यांनी साड्यांना फॉल-बिडिंग करण्याचे काम सुरू केले. दुकानात साडी घेणाऱ्या गिऱ्हाइकांचे काम त्यांच्याकडेच येई. त्यांच्या स्वतःच्या नावाने बचत खाते उघडले, त्या अर्जावर ओळख म्हणून माझी सही आहे. मलाही सकाळी वर्तमानपत्र उघडायला दहा मिनिटे मिळू लागली. त्याआधी मी ते रात्री वाचत असे.

नंतर मात्र त्या शिल्लकेला गळती लागली. यंत्र आहेच, या भरवशावर कपडे वाढले. दोन दिवस चालणारा गणवेश रोज धुण्यात पडू लागला. पंचाच्या जागी जाड टर्किश टॉवेल आले. पुरुषमंडळी दुपारी जेवायला आली की सदरा बदलू लागली. दुकानाच्या खोळी आठवड्याऐवजी तीन दिवसांनी येऊ लागल्या. अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात हेच दाखवून दिले आहे. घरात यंत्रे आली, कष्टाचा जडपणा कमी झाला. पण स्वच्छतेची अपेक्षा वाढत गेली आणि पूर्वी धोबी, मोलकरीण किंवा घरातील इतर मंडळी करीत ती कामेही एकट्या गृहिणीवर आली. त्यामुळे तिचे कामाचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मालाचा खर्च कमी झाला आणि खप तेवढाच वाढला, तर गल्ल्यात हात घालणाऱ्याला बचत दिसत नाही.

आणखी एक खाते आहे, ते कामाच्या बाईचे. यंत्र आल्यावर अनेक घरांनी धुण्याची बाई बंद केली. आमच्या घरी तिला काढले नाही. चादरी, फडकी, खळबळणे आणि वाळत घालणे तिच्याकडे राहिले. काम निम्मे झाले म्हणून तिचा पगारही कापला नाही. या गोष्टीचे गल्लीत कौतुक झाले. परंतु पुढची पाच वर्षे तो पगार वाढलाही नाही. महागाईचा दर ठाऊक असणाऱ्याला हे कळते की पाच वर्षे न वाढलेला पगार हा दरवर्षी थोडा थोडा कापलेलाच पगार असतो. सहाव्या वर्षी तिने टॉवेलच्या कारखान्यात काम धरले आणि सासूबाईंचा निरोप घेऊन गेली. यंत्राने तिचे श्रम वाचवले, पण त्या बचतीतील वाटा तिला मिळाला नाही. अर्थशास्त्रात उत्पादकता वाढली की लाभ कोणाला, असा प्रश्न विचारतात. तो गिरणीइतकाच पडवीलाही लागू आहे.

देशाच्या हिशेबातही अशीच रिकामी जागा आहे. घरच्याच माणसांसाठी विनामोबदला केलेले धुणे, स्वयंपाक, केरवारा राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. तेच काम पैसे देऊन बाहेर करवून घेतले तर धरले जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या वर, तर पुरुषांचे २६ टक्क्यांच्या आसपास होते. गॅस, मिक्सर आणि धुण्याची यंत्रे घरोघर पोहोचत असतानाचे हे आकडे आहेत.

आमचे जुने यंत्र सतरा वर्षे चालले. टबाला तडा गेल्यावर ते भंगारात दिले. आता घरात बटण दाबले की स्वतःच पाणी घेणारे, धुणारे, पिळणारे यंत्र आहे. त्यामुळे 'आता धुणे म्हणजे काम तरी काय' असे तरुण मंडळी म्हणतात. त्यांनी कामाची यादी करून पाहावी. घरभर टाकलेले कपडे गोळा करणे, खिसे तपासणे, रंग जाणारे वेगळे काढणे, कॉलर आणि बाह्या आधी घासणे, झाल्यावर लगेच काढून झटकून वाळत घालणे, पाऊस आला की धावत जाऊन काढणे, घड्या करणे, इस्त्रीला देणे, आलेले मोजून घेणे आणि ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणे. यंत्र यांतले एकही करीत नाही. आणि या कामांना मनगटाचा जोर लागत नसल्यामुळे ती घरातील कोणीही करू शकते. पाठ धरलेली सूनच त्यासाठी हवी असे नाही.

म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या महिन्यात एक आठवडा घरातील कोणीतरी, शक्यतो दुकानाचा हिशेब पाहणाऱ्यानेच, धुण्याची रोजकीर्द लिहावी. कोणी किती मिनिटे काय केले, एवढेच. कपडे यंत्रात टाकणारा, काढणारा, वाळत घालणारा आणि घडी करणारा, अशी चार सदरे पुरेत. सात दिवसांनी बेरीज मारावी आणि एकाच नावावर सारी रक्कम पडलेली दिसली तर ती कशी विभागायची, हे घरात बसून ठरवावे. कामाला बाई असेल तर तिचा पगार शेवटचा कधी वाढवला, तेही त्याच पानावर लिहावे.

मामंजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. दुकानात गाद्यांच्या जागी काउंटर आले आणि खोळी धुण्याचा प्रश्न उरला नाही. हिशेब संगणकावर गेला. पण गेल्या वर्षी जुन्या चोपड्या आवरताना १९८८ ची खतावणी हाती लागली. त्यात धुलाई खर्चाचे पान आहे. महिन्याला एक ओळ, ओळीपुढे रक्कम आणि त्यापुढे सासूबाईंची सही. मी ती वही वेगळी काढून ठेवली आहे. नातसुनांना दाखवायला हवी, आणि नातवांना तर त्याहून आधी.